संमतीचा अंगठा

परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. येथे दूरदूरचे भाविक येतात. कडेवर मान न सावरणारे लेकरू घेऊन आलेल्या एखाद्या मातेला आपण काय सांगणार? ‘सेरेब्रल पाल्सी’ हा शाप नव्हे. वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा बालपणी झालेल्या इजेचा तो परिणाम आहे, एवढे तरी आज सांगता येते. हे ज्ञान आपल्याला मिळाले ते संशोधनातून. मात्र त्या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, याचा इतिहास आपण क्वचितच वाचतो.

त्या इतिहासाचे एक पान काळेकुट्ट आहे. नाझी जर्मनीत हजारो अपंग व मनोरुग्णांची हत्या झाली आणि त्यांतील अनेकांचे मेंदू शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी वापरले. १९४७ साली न्युरेम्बर्ग येथील निकालपत्राने स्पष्ट केले की, माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही. १९५२ साली पोप बारावे पायस यांनीही मज्जासंस्थेच्या अभ्यासकांना रोम येथे हेच बजावले : विज्ञानाचे हित मोठे खरे, पण माणूस हे त्याचे साधन नव्हे.

आपल्याकडे या मुलांकडे लक्ष वेधले ते एका आईने. कन्या मालिनी हिच्या संगोपनातून शिकलेल्या मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. पुढे लंडन विद्यापीठात त्यांनी संशोधन केले ते सरकारी बालविकास योजनेतून अपंग बालके कशी वगळली जातात, यावर.

संशोधनातील सहभागाचे मोल पटवणारी घटना अलीकडची आहे. जन्मसमयी प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर ७२ तास थंड ठेवावे, म्हणजे मेंदू वाचतो, असा श्रीमंत देशांतील अनुभव. तो आपल्याकडे खरा ठरतो का, हे २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत तपासण्यात आले. त्यांत मुंबईचे लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयही होते. ४०८ बालकांपैकी थंड ठेवलेल्या २०२ मधील ८४ दगावली; नेहमीचे उपचार मिळालेल्या २०६ मधील ६३. अपंगत्व टळले नाही, उलट मृत्यू वाढले. त्या मातापित्यांनी होकार दिला नसता, तर हाच उपचार हितकर समजून कित्येक बाळांवर होत राहिला असता.

पण प्रसूतीनंतर काही तासांत, भेदरलेल्या बापाने दिलेला होकार खरोखर स्वेच्छेचा असतो काय? हा प्रश्न सोपा नाही. म्हणूनच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगांवरील संशोधनासाठी त्यांना समजेल अशा मार्गाने घेतलेली संमती आणि राज्याच्या समितीची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली; त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असावेत, असा नियम आहे. निरक्षर पालकाचा अंगठा घेताना निःपक्षपाती साक्षीदार हवा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे मार्गदर्शन सांगते.

तेव्हा कुणी संशोधक दारी आला, तर त्याला हाकलू नये आणि डोळे मिटून अंगठाही देऊ नये. कागद मराठीत वाचून घ्यावा. बाळाला धोका कोणता, नुकसान झाल्यास उपचार कोण करील, मध्येच थांबता येईल काय, हे विचारावे. जाणून दिलेला होकार हे दान आहे. न कळता घेतलेला अंगठा ही चोरी आहे.