स्वस्तातला सौदा

नागपूरला बाजाराची हौस फार जुनी आहे. नाहीतर एखादं शहर आपल्या वस्त्यांना वारांची नावं कशाला देईल? इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. ज्या वारी जिथं बाजार भरायचा, त्या वाराचं नाव त्या वस्तीला चिकटलं. मी गेली तीस वर्षं रविवारी सकाळी इतवारीच्या आसपासच्या गल्ल्यांतून जुन्या वस्तू धुंडाळत फिरतो. वस्तीच्या नावाला जागतो, असं मी घरी सांगतो. घरी ते कुणाला पटत नाही.

जमिनीवर ताडपत्री अंथरलेली असते. तिच्यावर अडकित्ते, पितळी कुलपं, समया, पानदानं, बंद पडलेली घड्याळं, ग्रामोफोनच्या तबकड्या, एखादी दौत आणि तांब्याच्या नाण्यांचा ढीग. इथं खरेदी करण्याचं एक तंत्र आहे. मनात भरलेल्या वस्तूकडं पाहायचंसुद्धा नाही. शेजारचा अडकित्ता उचलायचा, त्याच्यात खोट काढायची, उठायचं आणि जाता जाता सहज विचारायचं, ‘आणि हे कितीला?’ विकणारा सावध झाला, की सौदा हातचा गेला.

फसगतही होते. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ अशी नाणी आजही भाविकांना मोठ्या किमतीला विकली जातात. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. सुरुवातीला मीही एक घेतलं होतं.

खऱ्या नाण्याची गोष्ट वेगळी. नागपूरकर भोसल्यांचे रुपये नागपुरात पडत, तसेच ओडिशात कटकलाही पडत. राज्य मराठ्यांचं, पण रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि लिपी फारसी. ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळं मजकुराचा एखादा तुकडाच नाण्यावर उतरतो. लहानपणी अब्बांनी अलिफ-बे गिरवून घेतलं होतं. मी कविता लिहायला लागलो ती मराठीत, तेव्हा ते शिक्षण वाया गेलं असं त्यांना वाटे. ते कामी आलं ते या ताडपत्रीवर. भोसल्यांचा रुपया वाचायला फारसी अक्षर लागतं आणि भोसल्यांचे कागद वाचायला मोडी लागते. या शहराचा इतिहास एका लिपीत मावत नाही.

पण आज सांगायचं आहे ते नाण्याचं नाही, एका गुंडाचं. विदर्भाबाहेरच्या मंडळींनी दचकू नये. आमच्याकडं गुंड म्हणजे पाणी भरायचं पितळी भांडं. दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी असा एक गुंड दिसला. घडण जुनी, आवाज खणखणीत. मी नेहमीप्रमाणं शेजारचं कुलूप उचललं, नावं ठेवली, आणि अठराशेचा गुंड चौदाशेला आणला. विकणारा म्हणाला, “घ्या ना काका. पुरं घरच निघालं तिकडं महालात. वाडा पडला, आता फ्लॅट होऊन राह्यला.”

घरी चिंच लावून घासला तेव्हा गळ्याजवळ टोच्यानं ठोकलेली अक्षरं वर आली. एका बाईचं नाव, खाली ‘माहेरकडून’ आणि सन १९४१. बायकोनं ते वाचलं आणि विचारलं, “किती कमी केले?”

“चारशे.”

“कुणाचे?”

मला उत्तर सुचलं नाही. सुचली ती वेगळीच आठवण. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अब्बा अंथरुणाला खिळले होते. अम्मीनं तांब्याची देग आणि तिचं लग्नातलं पानदान विकायला काढलं. घेणारा आला, ओट्यावर बसला. त्यानं आधी देग उचलली, तिच्यात खोट काढली, उठला आणि उंबऱ्यातून वळून सहज विचारलं, ‘आणि हे पानदान?’ मी दारातच उभा होतो. ते तंत्र मी कुठं शिकलो, हे मला इतक्या वर्षांनी, गुंड घासताना कळलं.

इतिहासाच्या पुस्तकात नागपूरच्या एका मोठ्या स्वस्ताईची नोंद आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. मुलगा नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. लॉर्ड डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राज्य गेलं, पाठोपाठ घर गेलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन लिलावात काढले. जनावरं कवडीमोलानं गेली. जॉन के या इंग्रज इतिहासकारानंच हे लिहून ठेवलं आहे आणि लिहिताना त्यालाही ते बरं वाटलेलं नाही. दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा बांकाबाई तेव्हा वाड्यात होती. सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन, असं ती म्हणाली. तरीही सामान हललं. जडजवाहीर बहुतेक सगळं कलकत्त्याच्या बाजारात रवाना झालं. पुढं १८६४ मध्ये तो वाडा खरंच जळाला, नगारखाना तेवढा वाचला.

आज सीताबर्डीच्या गर्दीत आपण कपड्यांचा, चपलांचा भाव पाडतो. त्याच सीताबर्डीत तेव्हाही खरेदीदार जमले असतील. त्यांच्यात सगळेच काही इंग्रज नसतील. स्वस्तात बैल मिळाला म्हणून कुणीतरी खुशीत घरी गेलाच असेल. त्या माणसाचा मला राग येत नाही. त्याची ओळख मात्र पटते.

लिलावानंतर नऊ वर्षांनी, १८६३ मध्ये, नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं, आपला अजब बंगला. जुन्या वस्तू विकायच्या नसतात, जपायच्या असतात, हा विचार त्याच राजवटीनं, त्याच शहरात मांडला. तोवर राजवाड्यातलं पुष्कळ निघून गेलं होतं.

गेलेलं क्वचित परत येतं. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीजच्या लिलावात एक तलवार निघाली. पातं युरोपातलं, म्हणजे फिरंग, मूठ मराठा धाटणीची आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत नाव, श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा. ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब शाहू महाराजांनी पहिल्या रघूजींना दिलेला. महाराष्ट्र सरकारनं ती घेतली. एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईला आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ती गेली असावी, असा तर्क आहे. नागपूरकरांना आनंद झाला. मलाही झाला.

पण त्या बातमीत माझं लक्ष त्या नावावरच खिळलं. पात्यावर नाव नसतं, तर ती अनेक फिरंगांपैकी एक ठरली असती. नाव होतं म्हणून तिला घर होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या गुंडालाही नाव आहे. त्याच्यासाठी कोण बोली लावणार?

जुन्या वस्तूंचा एक कायदा आहे, १९७२ चा, लागू झाला १९७६ मध्ये. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचंही चालतं. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर ती खासगी माणसाला नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा त्याहून जुना, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. गुंड यातल्या कशातच बसत नाही. ज्याला कायदा विचारत नाही, त्याची विचारपूस घेणाऱ्यानंच करायची.

पुढच्या रविवारी मी विकणाऱ्याकडून ठिकाण घेतलं आणि महालात गेलो. वाड्याच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं. समोरच्या म्हाताऱ्या दुकानदारानं नाव वाचलं आणि म्हणाला, “हो, आजी होत्या. पोरं सगळी बाहेरगावी गेली.” निरोप पोचवतो म्हणाला, मी माझा फोन नंबर ठेवून आलो. अजून कुणाचा फोन आलेला नाही.

बाजार मी सोडलेला नाही, हे कबूल करतो. घासाघीसही थोडी होतेच. पण आता खिशात एक छोटी वही असते. वस्तू घेतली की कुठून आली, कुणाच्या घरची, विकणारा काय म्हणाला, ते तिथंच उभ्या उभ्या लिहून घेतो. संग्रहालयातली नोंदवही याहून फार वेगळी नसते. पहिल्या पानावर गुंडाची नोंद आहे. त्याच्याही वर, अंदाजानं, मी दोन नोंदी केल्या आहेत. देग एक, पानदान एक. घर आमचं. घेणाऱ्याचं नाव ठाऊक नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)