ब्राऊनिंग म्हणजे नेमकं कुठलं? जुन्या पिस्तुलाचं वय ठरवताना

नाशिकच्या जॅक्सन प्रकरणावर कोणीही बोलायला उभं राहिलं की एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे 'ब्राऊनिंग'. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता. तिथं अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राऊनिंग पिस्तुलं मुंबईला आली होती, हेही आपण वाचलेलं असतं. आता प्रश्न असा, की 'ब्राऊनिंग' एवढं कळल्यावर आपल्याला नेमकं काय कळतं?

फार थोडं कळतं. जॉन मोझेस ब्राऊनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेनचा बंदूककार. जन्म १८५५ चा. त्यानं रचना करायच्या आणि कारखान्यांनी माल काढायचा, असा त्याचा व्यवहार. अमेरिकेत कोल्ट कंपनीनं त्याची पिस्तुलं काढली, युरोपात बेल्जियममधल्या एर्स्तालच्या फाब्रिक नासिओनाल या कारखान्यानं. तिलाच थोडक्यात एफ. एन. म्हणतात. हा कारखाना १८८९ साली निघाला तो बेल्जियमच्या सैन्याला माऊझर रायफली पुरवण्यासाठी. पिस्तुलं मागाहून आली. आणि ती इतकी खपली, की युरोपात 'ब्राऊनिंग' म्हणजे खिशातलं पिस्तूल, असाच अर्थ झाला. आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसंच. किराणा दुकानात यानं काही बिघडत नाही. इतिहासात बिघडतं.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून न्यायदर्शनाच्या भाषेत सांगतो. शब्द हे प्रमाण खरं, पण ते आप्ताचं वचन असेल तर. पोलिसाच्या नोंदीतला 'ब्राऊनिंग' हा शब्द खोटा नाही, पण तो मॉडेल सांगत नाही. तिथं अनुमान लावावं लागतं. डिसेंबर १९०९ पर्यंत एफ. एन.ची तीन ब्राऊनिंग पिस्तुलं बाजारात होती. १९०० चं मॉडेल ७.६५ मिलिमीटरचं. १९०३ चं मोठं, ९ मिलिमीटर लाँग काडतुसाचं. आणि १९०६ चं अगदी चिमुकलं, ६.३५ मिलिमीटरचं, कोटाच्या आतल्या खिशात मावणारं. मग १९१० च्या मॉडेलचं चित्र काढून त्याखाली 'नाशिकचं पिस्तूल' असं लिहिलं, तर ते चूक ठरतं. आणि ते नुसतं एका वर्षानं चूक नाही बरं का. त्या मॉडेलच्या नावात १९१० असलं, तरी ते विक्रीला आलं १९१२ च्या सुमारास. मॉडेलच्या नावातलं साल म्हणजे उत्पादनाचं साल नव्हे. हेच पिस्तूल पुढे १९८० च्या दशकापर्यंत निघत होतं!

ओळखायचं कसं? समोरून बघावं. १९०० च्या मॉडेलमध्ये स्प्रिंग नळीच्या वर बसवलेली आहे, त्यामुळे तोंडाशी वर-खाली दोन गोल दिसतात आणि गोळी सुटते ती खालच्यातून. १९१० मध्ये स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली, म्हणून तोंड एकच, गोल, आणि त्यावर खरखरीत कडं. शिवाय मुठीच्या मागच्या बाजूला दाबपट्टी असते. मूठ नीट आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. १९०० ला ती पट्टी नाही. हे झालं प्रत्यक्ष प्रमाण. त्याला कागद लागत नाही.

या गोंधळाचं सर्वांत मोठं उदाहरण साराजेव्होचं आहे. २८ जून १९१४ रोजी गाव्रिलो प्रिन्सिपनं आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना मारलं, आणि जगाचं काय झालं ते आपण जाणतो. कैक पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं, की ते १९०० चं ७.६५ चं ब्राऊनिंग होतं. का? कारण 'ब्राऊनिंग' म्हटल्यावर तेच डोळ्यांसमोर येई, दुसरं काही नाही. पण कटातल्या चार पिस्तुलांचे क्रमांक नोंदलेले होते: १९०७४, १९०७५, १९०९५ आणि १९१२६. हे क्रमांक १९१० च्या मॉडेलचे, ९ मिलिमीटर शॉर्ट काडतुसाच्या पिस्तुलांचे. आंतोन पुंतिगाम नावाच्या जेझुइट धर्मगुरूनं, ज्यानं त्या दोघांसाठी मृत्यूसमयीचे धार्मिक संस्कार केले, काही वस्तू जपून ठेवल्या होत्या. त्यातलं पिस्तूल २००४ साली व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाकडे आलं. क्रमांक १९०७४. एका पाच आकडी संख्येपुढे इतक्या पुस्तकांचं काही चाललं नाही!

आता ठशांकडे येऊ. इथं मन लावून वाचावं लागतं, कारण प्रत्येक ठसा वेगळ्या घटनेची साक्ष देतो. 'ब्राऊनिंग्ज पेटंट' हा हक्काचा उल्लेख. तो रचना कधीची ते सांगतो, हे विशिष्ट पिस्तूल कधी घडलं ते नाही. शेजारी 'एस. जी. डी. जी.' ही अक्षरं दिसतात. फ्रेंचमधला त्याचा अर्थ: पेटंट आहे, पण सरकारची हमी नाही. (आम्हाला हा शेरा फार आवडतो. पुष्कळ पुस्तकांवरही छापावा.) मग लिएजच्या तपासणीगृहाचा ठसा. नळीत जादा दारूचा बार भरून ती फुटत नाही ना, हे तिथं बघत. लंबगोलातली 'ई. एल. जी.' ही अक्षरं त्याच तपासणीगृहाची. त्या लंबगोलावर मुकुट असला तर ठसा १८९३ नंतरचा. आणि १९२२ पासून वर्षागणिक एक अक्षर मारायला सुरुवात झाली. म्हणजे कुणी 'हे १९०९ चं' म्हणून हातात दिलं आणि नळीवर ते वर्षाक्षर निघालं, तर ती नळी तरी १९०९ ची नाही.

'नळी तरी' असं आम्ही मुद्दाम म्हणतो. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या तर जहाज तेच का, हा ग्रीकांचा जुना प्रश्न इथं शब्दशः उभा राहतो. सांगाडा, वरची सरकपट्टी आणि नळी यांचे क्रमांक जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर तीन वयं मिळतील, आणि तिन्ही लिहून ठेवावी लागतील. त्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. उलट ठशांची स्पेलिंगं चुकलेली, अक्षरं उलटी मारलेली दिसली, तर ते चीनमधल्या छोट्या कारखान्यातलं असण्याचा संभव मोठा. तिथं १९०० च्या मॉडेलच्या नकला भरपूर झाल्या. पण तीही टाकाऊ समजू नका. चिनी सरदारांच्या आपसातल्या लढायांचा तो अस्सल पुरावाच आहे, फक्त बेल्जियमचा नाही.

आपल्यापैकी काही जण आजोबांच्या कपाटातल्या हत्याराचे फोटो पाठवतात. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, परवाना नसेल तर आधी पोलीस ठाण्यात कळवावं. वस्तू जुनी आहे एवढ्यानं ती हत्यार कायद्यातून सुटत नाही. दुसरी, कृपा करून ते घासूनपुसून लख्ख करू नका. पितळेचं पॉलिश आणि काथ्या यांनी गेलेले ठसे परत येत नाहीत. फोटो घेणारानं गोळ्या काढल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी, आणि मग तोंडाचा एक, उजव्या अंगाचा एक आणि ठशांचा जवळून एक, असे तीन फोटो तिरप्या उजेडात काढावेत.