घरांची अदलाबदल (पर्यटन)

घरांची अदलाबदल ही सुट्टीतील निवासाची एक पद्धत आहे. तीत दोन कुटुंबे ठरावीक दिवसांसाठी एकमेकांच्या घरी राहतात व परस्परांकडून भाडे घेत नाहीत. मालकी बदलत नाही. बदलतो तो केवळ वापर. घरगुती निवास (होमस्टे) किंवा महाराष्ट्रातील ‘न्याहारी व निवास’ योजना यांत पाहुण्याकडून पैसे घेतले जातात. त्यामुळे ही पद्धत त्यांहून वेगळी ठरते.

इतिहास

या पद्धतीला संघटित रूप युरोपात मिळाले. लांब सुट्टी, पण बेताचे उत्पन्न असलेल्या काही शिक्षकांनी इ.स. १९५३ मध्ये ‘इंटरव्हॅक’ ही संस्था सुरू केली. इ.स. १९९२ मध्ये अमेरिकेत ‘होमएक्सचेंज’ सुरू झाली. तिची छापील सूची पुढे संकेतस्थळावर गेली. ‘द हॉलिडे’ (२००६) या इंग्रजी चित्रपटाचे कथानक अशाच अदलाबदलीवर आधारलेले आहे. आता दोन्ही कुटुंबांनी एकाच वेळी प्रवास करण्याची गरज उरलेली नाही. पाहुणे ठेवून मिळवलेले गुण नंतर तिसऱ्याच घरी राहण्यासाठी वापरता येतात.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अनेक कुटुंबांचे मूळ घर कोकणात किंवा घाटावर असते. गणपतीला, शिमग्याला व मे महिन्यात चाकरमानी गावी जातात. उलट दिशेने गावाकडील भाऊबंद शिक्षण, मुलाखत किंवा दवाखान्याच्या कामासाठी शहरातील दोन खोल्यांत येऊन राहतात. याला कोणी अदलाबदल म्हणत नाही आणि त्याचा हिशेबही ठेवला जात नाही. यजमान घरातच असल्याने काटेकोर व्याख्येत हे आतिथ्य होय. तरी परतफेडीचे तत्त्व तेच आहे. फरक विश्वासाच्या आधाराचा: येथे तो नात्यातून येतो, तर संघटित पद्धतीत सभासदांचे अभिप्राय आणि लेखी अटी यांतून.

गावचे घर अपरिचितांना द्यायचे झाल्यास हा फरक तीव्रतेने जाणवतो. अशी घरे बहुधा वडिलोपार्जित व सामायिक असतात. एका भावाने परस्पर किल्ली दिली, तर वाद पाहुण्यांशी नव्हे, घरातच उद्भवतो. म्हणून सर्व सहहिस्सेदारांची संमती आधी घेणे इष्ट.

पर्यावरणीय बाजू

जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के वाटा पर्यटनाचा असल्याचा अंदाज इ.स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. अदलाबदलीत आधीच बांधलेले व एरवी कुलूपबंद राहणारे घर वापरात येते, स्वयंपाक घरीच होतो आणि चादरी रोज धुतल्या जात नाहीत. मात्र विमानाने दूर गेल्यास ही बचत प्रवासातच खर्ची पडते. म्हणून पद्धतीचा खरा लाभ रेल्वेने गाठता येणाऱ्या अंतरात आहे.

या दृष्टीने ठाणे-कल्याण पट्टा सोयीचा आहे. देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली. कल्याणहून नाशिक व पुणे या दोन्ही दिशांचे मार्ग फुटतात, तर डोंबिवलीजवळच्या दिवा स्थानकातून कोकणाकडे जाता येते. येथे येणाऱ्या पाहुण्यांनाही पाहण्याजोगे पुष्कळ आहे: ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य (इ.स. २०२२ पासून रामसर स्थळ), येऊरचे जंगल, इ.स. १०६० च्या शिलालेखाचे अंबरनाथचे शिवमंदिर.

कोकणात एप्रिल-मे महिन्यांत अनेक विहिरी आटतात. शहरी सवयीने पाणी वापरणारा पाहुणा तेव्हा यजमानाच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही वाट्याचे पाणी वापरतो.

कायदेशीर स्वरूप

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११८ मधील ‘अदलाबदल’ ही मालकीची असते, त्यामुळे ती येथे लागू होत नाही. सुट्टीपुरता मुक्काम हा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मधील अनुज्ञप्तीच्या, म्हणजे केवळ परवानगीच्या, जवळ जातो. भाडे ठरल्यास मात्र प्रकरण बदलते: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेसाठी पाहुण्यांची नावे व मुक्कामाच्या तारखा सचिवांना आधी लेखी कळवल्यास प्रवेशद्वारावरच अडवणूक होत नाही. भाडेकरूने असे घर देण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. पाहुणे परदेशी नागरिक असल्यास त्यांच्या आगमनाची माहिती विहित नमुन्यात २४ तासांच्या आत देणे यजमानावर बंधनकारक आहे.