शुभ्र कवटीचा इतिहास

हरणाची कवटी स्वच्छ करून, शिंगांसह लाकडी फळीवर बसवून भिंतीला लावणे, या प्रकाराला इंग्रजीभाषक शिकारी ‘युरोपियन माउंट’ म्हणतात. पेंढा भरलेल्या मुंडक्याला कातडे असते, काचेचे डोळे असतात. येथे केवळ हाड आणि शिंग. हे काम आजही पुष्कळ शिकारी घरीच करतात. ते कसे करतात हे ठाऊक झाल्याखेरीज त्याचा इतिहास नीट उमगत नाही, असे आम्हांस वाटते.

कातडे, डोळे आणि जीभ काढायची, मानेकडच्या छिद्रातून मेंदू बाहेर घ्यायचा, आणि रक्त उतरावे म्हणून कवटी थंड पाण्यात भिजत ठेवायची. मग अंगणातल्या मोठ्या पातेल्यात, थोडा धुण्याचा सोडा घालून, ती मंद आचेवर ठेवायची. (अंगणातच, वास घरात कोणी खपवून घेत नाही.) पाणी खळखळ उकळू द्यायचे नाही, कारण त्याने चरबी हाडात मुरते आणि पुढे कवटी पिवळी पडते. शिंगे पाण्याबाहेर राखायची, नाहीतर त्यांचा रंग उतरतो. नाकातली पापुद्र्यासारखी हाडे फार जपावी लागतात. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडने भिजवलेला कापूस कवटीवर गुंडाळायचा. धुलाईचे क्लोरीन वापरले तर हाड ठिसूळ होते.

आज ‘अस्सल जुनी पद्धत’ म्हणून मिरवणारा हा पांढराशुभ्र रंग पुष्कळ अंशी आधुनिक रसायनाचा आहे. थेनार या फ्रेंच रसायनज्ञाने पेरॉक्साइड शोधले ते १८१८ मध्ये. त्याआधीचे हाड ऊन-पाण्याने जेवढे उजळे तेवढेच. किंबहुना सोळाव्या-सतराव्या शतकांतील जर्मन राजवाड्यांत पुष्कळदा कवटी दाखवीतच नसत. लाकडात कोरलेल्या, रंगवलेल्या शिरावर खरी शिंगे बसवीत. ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्ग वाड्यातील भोजनगृहात लाल हरणांच्या शिंगांच्या ७१ जोड्या आहेत; त्यांतील सर्वांत जड जोडीचे वजन जवळजवळ २० किलो आहे. याच वाड्यात ‘सहासष्ट टोकांचे’ म्हणून प्रसिद्ध असलेले शिंगही आहे. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर तिसरा फ्रीड्रिख याने ते हरीण १६९६ मध्ये मारले. त्या एका शिंगाच्या बदल्यात सैनिकांची एक तुकडी दिली गेली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, शिंगाचे मोल कशात मोजले जाई हे तीवरून कळते.

सहासष्ट हा आकडाही सरळ नव्हे. ज्या बाजूला टोके अधिक, ती मोजून दुप्पट करण्याचा जर्मन रिवाज आहे. आपल्याकडे ‘बारशिंगा’ म्हणताना आपणही हरणाचे नाव मोजणीवरूनच ठेवतो. मात्र घरात जपले ते मृगाजिन, आणि तेही आसन म्हणून. दर वर्षी गळून नवे येणारे हरणाचे शिंग आणि जन्मभर टिकणारे काळविटाचे शिंग यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, याची येथे जाता जाता नोंद करावीशी वाटते.

कवटी घरोघरी गेली ती राजकीय उलथापालथीमुळे. १८४८ च्या क्रांतीने दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरंजामी हक्क मोडला. शिकार जमिनीच्या मालकीशी जोडली गेली. १८५० च्या प्रशियन कायद्याने लहान जमिनी एकत्र करून शिकारीचे सामाईक पट्टे ठरवले आणि ते भाड्याने देता येऊ लागले. शिकार आता वकील, व्यापारी, वनाधिकारी यांच्या आवाक्यात आली. त्यांच्या दिवाणखान्यात सहासष्ट टोके मावणारी नव्हती. तळहाताएवढी कवटी असलेले रो हरीण मात्र मावले. कोरीव शिराऐवजी साधी फळी आली, आणि तिच्यावर तारीख व ठिकाण. राजाची शिंगे त्याच्या वैभवाची साक्ष देत; ही फळी एका माणसाच्या एका पहाटेची साक्ष देऊ लागली. या बदलाला आम्ही लोकशाहीकरण म्हणणार नाही, कारण ज्यांच्या पिकांत ही हरणे शिरत, त्या लहान शेतकऱ्याला शिकारीचा वाटा फारसा मिळाला नाही. पण वैभवाच्या जागी नोंद आली, हे खरे.

नोंदीतून पुढे मोजमाप आले. १९१० मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय शिकार-प्रदर्शन भरले. १९३४ च्या जर्मन शिकार कायद्यानंतर गोरिंगच्या आश्रयाने १९३७ मध्ये बर्लिनमध्ये तसेच प्रदर्शन झाले. शिंगांची लांबी, वजन, घेर यांना गुण देण्याची सूत्रे या काळात रुळली. या गुणपत्रिकेत शिंगाचाच विचार होता. अभिमानाची आणि राजकारणाची गाठ कशी पडते, हे बर्लिनच्या प्रदर्शनात उघड दिसते.

जर्मन-ऑस्ट्रियन जिल्ह्यांतील शिकाऱ्यांच्या वार्षिक प्रदर्शनांत मात्र कवटीशेजारी खालचा जबडाही ठेवण्याची रीत आहे. दाढांच्या झिजेवरून वय ठरते, आणि कोवळे हरीण मारले असेल तर ते तेथे लपत नाही. शिंगांवरून वय नेमके सांगता येत नाही; चांगला चारा मिळालेले तरुण हरीणही भरघोस शिंगे मिरवते. हरणाच्या आयुष्याविषयीचा एवढाच पुरावा त्या साऱ्या मांडणीत असतो, आणि प्रदर्शन संपल्यावर पुष्कळ घरांत तो वेगळा काढून टाकतात. फळीवर चढते ती वरची कवटी, आणि तिच्याखाली शिकाऱ्याची तारीख.