रिचर्ड डी स्मेट

रिचर्ड डी स्मेट (१६ एप्रिल १९१६ – २ मार्च १९९७) हे मूळचे बेल्जियन, परंतु पुणे ही कर्मभूमी असलेले कॅथलिक तत्त्वज्ञ, जेझुइट धर्मगुरू आणि शांकर वेदान्ताचे अभ्यासक होते. आद्य शंकराचार्य हे केवळ तर्कावर विसंबणारे तत्त्वज्ञ नसून श्रुतिप्रामाण्य मानणारे भाष्यकार होते आणि त्यांनी प्रतिपादलेले निर्गुण ब्रह्म व्यक्तित्वशून्य ठरत नाही, ही त्यांची दोन प्रमुख मते होत. त्यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. तथापि मराठीतील तत्त्वज्ञानविषयक कोशकार्यालाही त्यांनी हातभार लावला.

जीवन आणि कार्य

डी स्मेट यांचा जन्म बेल्जियममधील शार्लरुआ शहरालगतच्या माँतिन्यी-सुर-सांब्र येथे झाला. जेझुइट संघात प्रवेश केल्यानंतर १९४६ साली ते ईश्वरविद्येचे विद्यार्थी म्हणून भारतात आले. त्या काळी कलकत्त्यात बेल्जियन जेझुइटांची एक अभ्यासपरंपरा रुजलेली होती. जॉर्ज दांद्वा आणि प्येर योहान्स यांनी १९२२ मध्ये सुरू झालेल्या ‘द लाइट ऑफ द ईस्ट’ या नियतकालिकातून वेदान्त व ख्रिस्ती विचार यांचा परस्परसंबंध शोधण्याचा प्रयत्न केला होता. डी स्मेट यांचे संस्कृतचे अध्ययन याच परंपरेत झाले.

भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन १९५० साली कलकत्त्यात भरले. शंकराचार्य हे शुद्ध बुद्धिवादी तत्त्वज्ञ होते, हे त्या वेळी प्रचलित असलेले मत तेथे डी स्मेट यांच्या कानांवर आले. ते त्यांना पटले नाही आणि मूळ भाष्यांच्या आधारे त्याची तपासणी करण्याचे त्यांनी ठरविले. शंकराचार्यांच्या ईश्वरविद्याविषयक पद्धतीवरील त्यांचा प्रबंध १९५३ साली रोममधील ग्रेगोरियन विद्यापीठात पूर्ण झाला. हा प्रबंध दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. तरीही त्याच्या प्रती अभ्यासकांमध्ये फिरत राहिल्या आणि त्यांवरून डी स्मेट यांची ख्याती झाली.

त्यानंतर पुण्यातील डी नोबिली महाविद्यालय आणि पुढे ज्ञानदीप विद्यापीठ येथे त्यांनी अनेक वर्षे भारतीय तत्त्वज्ञान शिकविले. सतराव्या शतकात मदुराईत राहून तमिळ व संस्कृत आत्मसात करणारे इटालियन जेझुइट रोबेर्तो दे नोबिली यांचे नाव या महाविद्यालयाला दिलेले आहे. पुण्यातील सहकारी जोसेफ नॉयनर यांच्यासमवेत डी स्मेट यांनी ‘रिलिजस हिंदुइझम’ हा जेझुइट अभ्यासकांच्या लेखांचा संग्रह सिद्ध केला. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’साठीही त्यांनी लेखन केले. त्यांचे निधन बेल्जियममध्ये झाले.

शंकराचार्यांची पद्धती

शंकराचार्यांच्या भाष्यांत तर्काचा उपयोग पदोपदी आढळतो. म्हणून ते बुद्धिवादी होते, असा निष्कर्ष काढला जातो. डी स्मेट यांच्या मते या तर्काचे स्थान दुय्यम आहे. ब्रह्म हे प्रत्यक्ष किंवा अनुमान यांचा विषय होऊ शकत नाही. त्याचे ज्ञान श्रुतीपासूनच होते, अशी शंकराचार्यांची भूमिका आहे. तर्काने श्रुतिवाक्यांचा अर्थ निश्चित करावा, त्यांतील दिसणारा विरोध दूर करावा आणि प्रतिपक्षाचे आक्षेप खोडून काढावेत, एवढेच त्याचे कार्य होय. म्हणून डी स्मेट शंकराचार्यांना श्रुतिवादी म्हणतात. तेराव्या शतकातील कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनस यांनीही बुद्धीला ईश्वरी प्रकटीकरणाच्या सेवेत योजले होते. दोघांचे सिद्धान्त भिन्न असले, तरी त्यांच्या पद्धतींची तुलना त्यामुळे शक्य होते.

लक्षणेचा विचार

मानवी भाषेतील शब्द मर्यादित वस्तूंसाठी घडलेले असतात. मग ते अनंत ब्रह्माविषयी काही सांगू शकतात काय, हा पुढचा प्रश्न. शंकराचार्यांचे उत्तर असे की, ‘ज्ञान’ हा शब्द ब्रह्माला वाच्यार्थाने लागू पडत नाही, परंतु लक्षणेने ते सूचित करतो. ‘गंगेवर वस्ती आहे’ या वाक्यात गंगा शब्दाने तीर सूचित होते, हे लक्षणेचे परिचित उदाहरण आहे. ब्रह्माच्या बाबतीत शब्दाच्या अर्थातील मर्यादा गळून पडतात आणि त्याचा परमोच्च अर्थ शिल्लक राहतो. अक्वायनस यांचा सादृश्याचा सिद्धान्त याच्याशी मिळताजुळता आहे, असे डी स्मेट यांनी दाखविले.

‘पर्सन’ आणि ‘व्यक्ती’

इंग्रजीतून लिहिणाऱ्या अनेक अभ्यासकांनी निर्गुण ब्रह्माला ‘इम्पर्सनल’ म्हटले. डी स्मेट यांच्या मते हा घोटाळा ‘पर्सन’ या संज्ञेचा इतिहास विसरल्यामुळे झाला. लॅटिन ‘पर्सोना’ या शब्दाचा एक अर्थ नटाचा मुखवटा असा होता. ख्रिस्ती त्रैक्याच्या चर्चेत त्याला तात्त्विक अर्थ मिळाला. सहाव्या शतकात बोएथियस याने विवेकशील स्वरूपाचे स्वतंत्र अस्तित्व अशा आशयाची त्याची व्याख्या केली आणि अक्वायनस यांनी ती संज्ञा ईश्वराच्या संदर्भात परिष्कृत केली. या परंपरेत मर्यादितपणा हा तिच्या अर्थाचा आवश्यक भाग नव्हता. आधुनिक काळात मात्र तिचा अर्थ ‘एकेकटा मनुष्य’ एवढाच उरला आणि साहजिकच ती ब्रह्माला लावणे विसंगत वाटू लागले.

मराठीत ही अडचण अधिक तीव्र होते. ‘व्यक्ती’ हा शब्द प्रकट होणे या अर्थाच्या धातूपासून बनलेला असल्यामुळे अव्यक्त ब्रह्माला व्यक्ती म्हणणे हा वदतोव्याघात वाटतो. डी स्मेट यांचा मुद्दा शब्दापेक्षा आशयाशी निगडित आहे. ‘निर्गुण’ या पदाने मर्यादा घालणाऱ्या उपाधींचा निषेध होतो. पूर्णतेचा होत नाही. जे स्वयंपूर्ण आणि ज्ञानस्वरूप आहे, त्याला मूळ अर्थाने ‘पर्सन’ म्हणण्यास प्रत्यवाय नाही, असे ते प्रतिपादन करतात.

जगाचे स्वरूप

शंकराचार्यांनी जगाला सर्वस्वी भ्रम ठरविले, हे मतही डी स्मेट यांना मान्य नव्हते. जग ब्रह्माप्रमाणे स्वतःच्या बळावर सत् नाही. तसेच ते वंध्यापुत्राप्रमाणे असत्ही नाही. कार्याला स्वतःचे अस्तित्व सर्वस्वी कारणापासून लाभते. म्हणून ‘तादात्म्य’ याचा अर्थ ‘ते ज्याचा आत्मा आहे असे असणे’, असा ते करतात. या वाचनानुसार अद्वैत आणि सृष्टीचे परतंत्र अस्तित्व यांत विरोध उरत नाही.

आक्षेप आणि मूल्यमापन

या विवेचनावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले जातात. अद्वैताच्या पारंपरिक अर्थानुसार अविद्या आणि जगन्मिथ्यात्व हे सिद्धान्ताचे गाभे आहेत. ते सौम्य केल्यास जीवब्रह्मैक्याचा अर्थच बदलतो आणि शंकराचार्यांच्या मुखी अक्वायनस बोलू लागतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. प्रेम करणारा ईश्वर आणि भक्त यांच्यातील भेद या मांडणीत पुरेसा टिकतो काय, अशी शंका ख्रिस्ती बाजूने उपस्थित होते. डी स्मेट यांचा भर शंकराचार्यांनी स्वतः लिहिलेल्या भाष्यांवर होता. उत्तरकालीन अद्वैत्यांची मते आचार्यांच्या माथी मारू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे निष्कर्ष अमान्य करणाऱ्यालाही त्यामुळे मूळ ग्रंथांकडेच वळावे लागते.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हिंदू धर्मासह अन्य धर्मांविषयी आदर व्यक्त करणारे घोषणापत्र स्वीकारले. डी स्मेट यांचे मूलभूत संशोधन त्याआधी एक तपाचे आहे. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाशी संबंधित सारा ग्रँट यांनी शंकराचार्यांच्या संबंधविषयक कल्पनेवर केलेला अभ्यास याच दिशेने जाणारा आहे. ब्रॅडली माल्कोव्स्की यांनी संपादित केलेला स्मृतिग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. आयव्हो कोएल्यो यांनी डी स्मेट यांचे विखुरलेले निबंध ‘ब्रह्मन अँड पर्सन’ (२०१०) आणि ‘अंडरस्टँडिंग शंकर’ (२०१३) या दोन ग्रंथांत संकलित केले आहेत.