सूक्ष्मसृष्टीचे कारागीर

१९५५ नंतरच्या काही वर्षांत झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील एक तरुण संशोधक आपली मोजमापे मध्यरात्र उलटल्यावर घेत असे. हाइनरिश रोहरर हे त्याचे नाव. अतिवाहक धातू चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता त्याच्या लांबीत जो अत्यल्प फरक पडतो, तो त्याला मोजावयाचा होता. दिवसभराची शहराची वर्दळ एरवी कोणाच्या ध्यानातही येत नसे. परंतु त्या नाजूक उपकरणाला ती साहत नव्हती. म्हणून शहर झोपी गेले म्हणजे या विद्यार्थ्याचा दिवस उजाडे. हादरा हाच सूक्ष्म मोजमापाचा पहिला शत्रू होय, हा धडा त्याने पुस्तकातून नव्हे, तर अशा जागरणांतून घेतला. पुढे पंचवीसएक वर्षांनी तो धडा एका नव्या शास्त्राच्या पायाभरणीस उपयोगी पडला.

ते शास्त्र म्हणजे नॅनोविज्ञान. ग्रीक भाषेत ‘नॅनोस’ म्हणजे बुटका मनुष्य. एका मीटरचे शंभर कोटी भाग कल्पिले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते, तर बहुतेक अणू अर्ध्या नॅनोमीटरहूनही लहान असतात. या प्रमाणावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आज जगभर आहेत आणि तेथे आयुष्य वेचावे, अशी आकांक्षा अनेक तरुण बाळगतात. परंतु अशा प्रयोगशाळेत नेमके कोण काम करते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘शास्त्रज्ञ’ या एकाच शब्दात दिले जाते. नॅनोविज्ञानाचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर अपुरे आहे असे दिसते. विचार करणाऱ्या बुद्धीच्या शेजारी, उपकरण घडविणारा हात येथे पहिल्यापासून उभा आहे.

या इतिहासाचा आरंभ पुष्कळदा २९ डिसेंबर १९५९ या दिवसापासून सांगतात. त्या दिवशी अमेरिकेतील पासाडेना येथे रिचर्ड फाइनमन यांनी भौतिकशास्त्रज्ञांच्या सभेपुढे व्याख्यान दिले. पदार्थाच्या तळाशी अद्याप विपुल जागा शिल्लक आहे, अणू एकेक करून हवे तसे मांडण्यास निसर्गनियमांची आडकाठी नाही, असा त्यांचा विचार होता. केवळ विचार सांगून ते थांबले नाहीत. बाजूला इंचाचा चौसष्टावा भाग एवढ्याच आकारात मावणारी विजेची मोटर जो तयार करील, त्याला त्यांनी एक हजार डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. एवढे लहान यंत्र करावयाचे तर अगदी नवी तंत्रे शोधावी लागतील, ही त्यांची अपेक्षा. परंतु वर्षही पुरते झाले नाही तोच, नोव्हेंबर १९६० मध्ये विल्यम मॅक्लेलन नावाचा एक अभियंता आपली मोटर घेऊन दारात उभा राहिला. तिचे अवघे तेरा भाग होते आणि ते त्याने सूक्ष्मदर्शकाखाली, साध्याच हत्यारांनी, हाताने जुळविले होते. नवे तंत्र जन्मले नाही म्हणून फाइनमन काहीसे हिरमुसले. तथापि पारितोषिक त्यांनी दिले. सूक्ष्मसृष्टीतील पहिले बक्षीस अशा रीतीने एका कसबी हाताने मिळविले.

बुद्धी आणि हात एकत्र आले, म्हणजे यश ठरलेलेच असते, असे मात्र नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल यंग आणि त्यांचे सहकारी १९६५ पासून एक उपकरण घडवीत होते. अतिशय टोकदार सुई धातूच्या पृष्ठभागालगत फिरवावयाची आणि तीमधून निघणाऱ्या विद्युत्प्रवाहावरून त्या पृष्ठभागाचे चढउतार टिपावयाचे, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना योग्य होती, उपकरण चालतही होते; परंतु हादऱ्यांचा बंदोबस्त हवा तितका झालेला नव्हता. १९७१ मध्ये हे काम थांबविण्यात आले. अणूचे दर्शन काही पावलांवर असताना ती वाट तेथेच खुंटली. १९८६ च्या नोबेल पारितोषिकाच्या निवेदनात स्वीडिश अकादमीने यंग यांच्या कामाचा आवर्जून उल्लेख केला. पण तोवर पंधरा वर्षे निघून गेली होती. संशोधकाची कारकीर्द केवळ त्याच्या गुणावर अवलंबून नसते. त्याला धीर धरू देणारी संस्थाही लागते.

असा धीर झुरिकजवळच्या र्‍युश्लिकोन या गावी मिळाला. आय. बी. एम. या कंपनीची संशोधनशाळा तेथे होती. रोहरर १९६३ मध्ये तेथे रुजू झाले होते. १९७८ मध्ये गेर्ड बिनिग हा जर्मन तरुण डॉक्टरेट पुरी करून त्यांना येऊन मिळाला. धातूवरील ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरांत दोष कोठे असतात, हे पाहावयाचे होते आणि ते पाहण्याचे साधन जगात कोठेच नव्हते. तेव्हा साधनच निर्माण करावयाचे, असे दोघांनी ठरविले. क्रिस्टॉफ गेर्बर आणि एडमंड वायबेल हे दोन सहकारी त्यांच्या जोडीला आले. विद्वत्सभांत वाचल्या जाणाऱ्या प्रबंधांपेक्षा कर्मशाळेतील हत्यारांशी या दोघांचा परिचय अधिक. कागदावरील आकृतीला धातूचे शरीर देणे, ही त्यांची विद्या होती.

उपकरणाचे तत्त्व असे. टोकदार सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ न्यावयाची, की मधले अंतर एका नॅनोमीटरच्या आसपास राहील. स्पर्श नसतानाही अशा वेळी विद्युत्कण मधली पोकळी ओलांडतात. जणू डोंगर न चढता बोगद्यातून पलीकडे निघून जावे. हा प्रवाह अंतराच्या बाबतीत विलक्षण हळवा असतो. अंतर नॅनोमीटरच्या एक दशांशाने वाढले, तर प्रवाह सुमारे दहा पटींनी घटतो. आंधळा मनुष्य बोटांनी चेहरा चाचपून ओळखतो, तशी ही सुई पृष्ठभाग चाचपून त्यावरील अणूंची ठेवण सांगते.

तत्त्व चार ओळींत सांगता येते. ते प्रत्यक्षात उतरविण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. हादऱ्यांपासून सुटका व्हावी म्हणून आरंभी उपकरण चुंबकांच्या आणि अतिवाहक शिशाच्या साहाय्याने अधांतरी तरंगत ठेवण्यात आले. पुढे ही खटपट सोडून स्प्रिंगा आल्या आणि कालांतराने धातूच्या चकत्या व त्यांच्यामध्ये व्हिटॉन रबराचे तुकडे, एवढ्या साध्या रचनेवर काम भागू लागले. १६ मार्च १९८१ च्या रात्री, अंतर बदलले म्हणजे प्रवाह सिद्धान्ताप्रमाणेच बदलतो, हे या मंडळींना प्रथम स्पष्ट दिसले. ही घटनाही रात्रीचीच.

या यशाची वार्ता देणारा पहिला लेख एका नियतकालिकाने परत पाठविला. १९८२ च्या शरद ऋतूत सिलिकॉनच्या पृष्ठभागावरील अणूंची रचना उपकरणाने टिपली. तिच्याविषयी अनेक वर्षे तर्कवितर्क चालले होते. आज संगणकाच्या पडद्यावर अशी चित्रे क्षणात उमटतात. त्या वेळी मात्र नोंदयंत्राने कागदावर काढलेल्या रेषा कात्रीने कापून, त्या ओळीने उभ्या करून पृष्ठभागाचा उठाव तयार करावा लागला. कात्री, प्लेक्सिग्लास आणि खिळे ही त्याची सामग्री होती. अणूंच्या अत्यंत प्रसिद्ध चित्रांपैकी एक असे शाळकरी मुलांच्या हस्तव्यवसायासारखे सिद्ध झाले.

१९८६ मध्ये बिनिग आणि रोहरर यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. त्याचा अर्धा वाटा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक एर्न्स्ट रुस्का यांना देण्यात आला. त्यांचे काम १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. म्हणजे उपकरण घडविणाऱ्या या वृद्ध संशोधकाला अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. गेर्बर आणि वायबेल यांची नावे पारितोषिकात नव्हती. बिनिग व रोहरर यांनी आपल्या व्याख्यानात दोघांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, ही त्यांच्या थोरवीची गोष्ट. परंतु ऋणनिर्देश वेगळा आणि मान वेगळा. वेरूळचे कैलास कोणत्या राजाच्या काळी कोरले गेले हे इतिहास सांगतो. छिन्नी धरणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र तो सांगत नाही.

या खेपेला तसे झाले नाही. १९८६ मध्येच बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि गेर्बर या तिघांच्या नावे आणखी एका उपकरणाचे वृत्त प्रसिद्ध झाले. पहिल्या सूक्ष्मदर्शकाला वीजवाहक पृष्ठभाग लागे. या नव्या उपकरणाला ती अट नव्हती. सोन्याच्या वर्खाची चिमुकली पट्टी आणि तिच्या टोकाशी हिऱ्याची कणी, असा त्याचा स्पर्शक होता. सोनाराच्या पेढीवर शोभावी अशीच ही घडण! अणू आणि सुई यांच्यामधील बल मोजणारे हे उपकरण जीवशास्त्रज्ञांनाही उपयोगी पडले. २०१६ मध्ये नॅनोविज्ञानासाठी दिले जाणारे काव्हली पारितोषिक या तिघांना मिळाले. तीस वर्षांनी का होईना, कर्मशाळेच्या वाटेने आलेल्या माणसाचे नाव सन्मानपत्रावर आले.

र्‍युश्लिकोनच्या या कथेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्राध्यापक सी. व्ही. धर्माधिकारी यांनी असाच सूक्ष्मदर्शक स्वतः बांधावयाचे मनावर घेतले. जवळ सामग्री काय होती? टाकून दिलेल्या शीतकपाटांचे भाग, मोडीत निघालेल्या संगणकांतील मोटरी, मोटारीच्या चाकांतील ट्यूबा, शिवणयंत्राच्या बॉबिनी, व्हिटॉन रबराच्या नळ्या, वाण्याच्या दुकानातील वजने आणि स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमची भांडी. भंगार म्हणून ज्या वस्तूंकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, त्यांतून अणूंचा वेध घेणारे यंत्र उभे राहिले. हादरा हा शत्रू झुरिकला होता तसा पुण्यालाही होता. तेथे त्याच्यावर व्हिटॉनचा उतारा सापडला, तसा येथेही रबरानेच हात दिला.

धर्माधिकारी यांच्या प्रयोगशाळेत दोन दशकांहून अधिक काळ अशी उपकरणे बांधली गेली, दुरुस्त झाली, सुधारली गेली. त्यांच्यावर काम करून विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि शोधनिबंध प्रसिद्ध केले. पंकज सेखसरिया यांनी ‘इन्स्ट्रुमेंटल लाइव्हज’ या ग्रंथात या प्रयोगशाळेचे चरित्रच सांगितले आहे. येथे शिकणाऱ्याला केवळ यंत्राची कळ दाबावयास येत नसे, तर ती कळ बिघडली तर काय करावयाचे हेही त्याला ठाऊक असे. तयार उपकरण विकत घेणाऱ्या प्रयोगशाळेत ही विद्या सहजासहजी मिळत नाही. परंतु विद्येच्या बाजारात निबंधांची गणती होते, बांधलेल्या उपकरणाची होत नाही. हाताची विद्या हाताकडूनच हाताला मिळते. ती घेणारा कोणी उरला नाही, तर ती माणसाबरोबर निवृत्त होते.

भारताने पुढे या शास्त्राकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष दिले. २००७ मध्ये केंद्र सरकारने १ हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने ‘नॅनो मिशन’ सुरू केले. मुंबईचे आय. आय. टी. आणि बंगळूरची विज्ञानसंस्था येथे नॅनोइलेक्ट्रॉनिकीची केंद्रे निघाली व देशातील इतर ठिकाणच्या संशोधकांनाही ती खुली करण्यात आली. मोहाली येथे या विषयाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अशा केंद्रांत निर्धूळ दालने असतात. पायापासून डोक्यापर्यंत झाकणारा पोशाख चढविल्याखेरीज तेथे पाऊल टाकता येत नाही. विषारी वायूंच्या नळ्यांवर कोणी पहारा ठेवतो, निर्वात पंप कोणी चालते ठेवतो, दूरच्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला लाखमोलाचे यंत्र कसे हाताळावे हे कोणी शिकवितो. शोधनिबंधावर यांतील फारच थोड्यांची नावे येतात. यांच्यावाचून मात्र तो निबंध लिहिला जात नाही.

१७ मे २०११ रोजी र्‍युश्लिकोन येथे बिनिग आणि रोहरर यांच्या नावाने नवे नॅनोतंत्रकेंद्र उघडण्यात आले. तेथे जमिनीच्या पोटात, खडकावर, निःशब्द प्रयोगशाळा बांधलेल्या आहेत. हादरा, ध्वनी, चुंबकीय क्षेत्र, उष्णतेतील चढउतार यांपैकी कशाचाही उपद्रव होऊ नये, अशी त्यांची योजना आहे. ज्या शांततेसाठी एका विद्यार्थ्याला शहर झोपण्याची वाट पाहावी लागत होती, ती शांतता आता भर दुपारी मिळू शकते. रोहरर २०१३ मध्ये निवर्तले. त्याआधी त्यांच्या जागरणांचे असे चिरेबंदी स्मारक झाले होते.

परंतु ती शांतता आपोआप नांदत नाही. ती कोणी तरी बांधलेली असते आणि कोणी तरी रोज राखीत असतो. नॅनोविज्ञानाच्या मंदिरात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने गणित शिकावे, पदार्थाचे नियम शिकावे, हे तर खरेच. त्याचबरोबर कानस धरावयास आणि बिघडलेला पंप उघडावयास त्याने संकोचू नये. आणि त्या मंदिराच्या विश्वस्तांनी शिखरावर नावे कोरताना पायथ्याशी उभ्या असलेल्या कारागिरांची मोजदाद करावी. यंग यांचे काम एका निर्णयाने थांबले, गेर्बर यांचा मान तीस वर्षे रेंगाळला, धर्माधिकारी यांचे यंत्र मोडीतून उभे राहिले. या तिन्ही गोष्टी एकच सांगतात. अणू दिसला तो प्रथम सुई घडविणाऱ्याच्या हातामुळे. त्या हाताला जेथे जागा आणि मान आहे, तेथेच पुढची सुई घडेल.