रॉक अँड रोल संगीत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५० नंतरच्या दशकात लोकप्रिय झालेला संगीतप्रकार. कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज व दक्षिणेकडील गौरवर्णीयांचे कंट्री संगीत यांच्या संकरातून तो सिद्ध झाला. ब्लूजचा बारा बारचा साचा, चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमचा ठळक आघात आणि विद्युत् गिटार, पियानो, सॅक्सोफोन यांची साथ ही त्याची स्थूल लक्षणे होत. यांतील बहुतेक गोष्टी कृष्णवर्णीयांच्या संगीतात आधीपासून रूढ होत्या. नवा होता तो श्रोतृवर्ग.

महायुद्धोत्तर समृद्धीमुळे कुमारवयीन मुलामुलींच्या हाती स्वतःचा पैसा आला. मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी ध्वनिमुद्रिका १९४९ मध्ये, तर खिशात मावणारा ट्रँझिस्टर १९५४ मध्ये बाजारात आला; वडीलधारे लावतील तेच ऐकण्याचे बंधन त्यामुळे सैल झाले. दक्षिणेत शाळा, बसगाड्या, उपाहारगृहे वर्णभेदाने विभागलेली होती. नभोवाणीच्या लहरींना मात्र अशी भिंत घालता येत नव्हती. क्लीव्हलँड येथील निवेदक ॲलन फ्रीड (१९२१–६५) याने १९५१ पासून रात्रीच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिका लावून गौरवर्णीय मुलांनाही त्यांची गोडी लावली व ‘रॉक अँड रोल’ ही संज्ञा रूढ केली. त्याने २१ मार्च १९५२ रोजी योजलेला जाहीर जलसा अनावर गर्दीमुळे बंद करावा लागला.

बिल हॅलेचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गीत १९५४ मध्ये फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते. उनाड विद्यार्थ्यांवरील ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ (१९५५) या चित्रपटाच्या आरंभी ते योजताच ते विक्रीत अग्रस्थानी पोहोचले. त्याचबरोबर हे संगीत म्हणजे बालगुन्हेगारी, असे समीकरणही पालकांच्या मनात रुजले. ९ सप्टेंबर १९५६ रोजी एल्व्हिस प्रेस्लीला (१९३५–७७) दूरचित्रवाणीवर सु. ६ कोटी लोकांनी पाहिले. जानेवारी १९५७ मधील कार्यक्रमात मात्र त्याच्या अंगविक्षेपांवरील टीकेमुळे त्याचे कंबरेवरचेच चित्रण दाखविण्यात आले. तथापि विरोधाचे मूळ केवळ शालीनतेच्या कल्पनांत नव्हते. दोन्ही वर्णांची मुले एकत्र नाचू लागली, हे वर्णवर्चस्ववाद्यांचे खरे दुखणे होते. एप्रिल १९५६ मध्ये ॲलाबामातील बर्मिंगहॅम येथे त्यांनी नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकावर रंगमंचावरच हल्ला केला. वास्तविक तो रॉक अँड रोल गातही नसे.

मुलांनी ही भिंत ओलांडली, तरी व्यवसायात ती टिकून राहिली. ‘हाउंड डॉग’ हे गीत प्रथम बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने गाजविले (१९५३). अमाप पैसा मिळाला तो प्रेस्लीच्या १९५६ मधील आवृत्तीला. चक बेरी व लिटल रिचर्ड यांचे श्रेयही पुष्कळ उशिरा मान्य झाले.

१९५७ मध्ये रिचर्ड धर्मकार्याकडे वळला, १९५८ मध्ये प्रेस्ली सैन्यात दाखल झाला आणि ३ फेब्रुवारी १९५९ रोजी बडी हॉली विमान अपघातात मरण पावला. पुढे निवेदकांच्या लाचखोरीच्या चौकशीत फ्रीडची कारकीर्दही संपुष्टात आली. पहिली लाट येथे ओसरली. पण याच ध्वनिमुद्रिका ऐकून वाढलेली लिव्हरपूलची मुले ‘बीटल्स’ या नावाने १९६४ मध्ये अमेरिकेत पोहोचली.

भारतात या लाटेचा ठळक पडसाद सी. रामचंद्र यांनी ‘आशा’ (१९५७) या हिंदी चित्रपटासाठी केलेल्या ‘ईना मीना डीका’ या गीतात उमटला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतील काही विद्यार्थ्यांनी १९५८ च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढून याच धर्तीची गीते सादर केली. त्यात पियानो वाजविणारा फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने प्रसिद्धीस आला.